वकिली की वित्तक्षेत्र?



बारावी झाली की घरोघरी प्रश्न येतो…
वकिली, की वित्तक्षेत्र?

आधी मनावरचं ओझं उतरवूया.
कायद्याला जायचं, हे बारावीतच ठरवावं लागत नाही.
बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहेच.
पण कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबीही करता येतं.
किमान गुणांची अट मात्र असते.

म्हणून मन दोन्हीकडे ओढत असेल, तर मी बी.कॉम. सुचवेन.
तिथं ताळेबंद वाचायला शिकता… करही शिकता.
सोबत सीएची फाउंडेशन परीक्षा देता येते.

दोन्ही क्षेत्रं कुठं एकत्र येतात? २०१६ चा दिवाळखोरी कायदाच बघा.
कंपनी कर्जात बुडते… प्रकरण न्यायाधिकरणापुढे जातं.
तिथं वकिलालाही आकडे कळावे लागतात, आणि सीएलाही कलमं.

सुट्टीत जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून या.
कामकाज सहसा सर्वांना खुलं असतं.
युक्तिवाद ऐका… पुढची तारीख घेऊन परतणारे पक्षकारही बघा.
मग विवरणपत्रांच्या हंगामात ओळखीच्या सीएकडे डोकावा.

पालकहो, पुन्हा सांगते…
पदवीनंतरही एलएलबी करता येतं. मुलांना घाई करू नका.

कायद्याच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते.
तारखा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळतील.