नोकरी आणि राजकीय मत

मतदानाच्या दिवशी खासगी कारखान्यातल्या कामगारालाही भरपगारी सुट्टी द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब तसं बजावतं. मग दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यानं आपला पक्ष सांगितला, तर त्याची बढती का अडावी? सरकारी नोकराला पक्षाचं सदस्य होता येत नाही, प्रचारही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दाखला मागायला आलेल्या माणसाला टेबलापलीकडचा कारकून कोणत्या पक्षाचा, ही धास्ती नको. पण ‘नोकरी धरली की तोंड बंद’ हे न्यायालयानंही मानलेलं नाही. १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बिहार सरकारची निदर्शनांवरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. संपाचा मूलभूत हक्क मात्र मान्य केला नाही.

राजकारणाच्या गप्पांनी काम बिघडतं, असा आक्षेप घेतला जातो. बिघडतं ते शिवीगाळीनं, साहेबानं लादलेल्या वर्गणीनं. त्यावर जरूर कारवाई व्हावी, मतावर नको. राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव न करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं १९६० मध्येच मान्यता दिली आहे. व्यवस्थापकांनी आपली नियमपुस्तिका त्याच्याशी एकदा ताडून पाहावी.