नाळेवरची मोटर अडते तेव्हा

अमेरिकेतल्या तळ्यांवर बास मासा गळाने धरणारे हौशी लोक होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, विजेची छोटी ट्रोलिंग मोटर बसवतात. होडी हळू आणि जवळपास बिनआवाज सरकते, मासा बुजत नाही.

ही मोटर होडीवरच्या बैठकीत खटक्याने अडकवलेली असते. दोरी ओढली की खटका सुटावा आणि मोटर पाण्यात उतरावी. ती हलत नसेल तर हिसके देऊ नका. दोरी तुटली तर तोल जाऊन माणूसच पाण्यात जायचा! आधी बॅटरीची जोडणी काढा. मग खटक्याची पिन आणि स्प्रिंग नीट पाहा. तिथे वाळू, शेवाळ आणि खाडीत वापर असेल तर मिठाचे थर साचतात. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, सिलिकॉनचा फवारा मारा. पेट्रोलियमचं वंगण मात्र टाळा, प्लास्टिकचे भाग त्याने खराब होऊ शकतात.

तरीही अडतंय? बैठकीचे बोल्ट थोडे सैल करून पाहा. मोटर लगेच मोकळी झाली, तर खटका ठीक आहे. होडीचा पृष्ठभाग सपाट नसल्याने बोल्ट आवळताना बैठक पिळली जात होती. हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. फट असेल तिथे वॉशर घाला, बोल्ट बेताने आवळा. आणि तंतू सुटलेली दोरी त्याच वेळी बदलून टाका.