डबी खरी, चिठ्ठी खरी, नाणं मात्र दुसरं

आम्ही दोघी सख्ख्या जावा. मागे या रेडिओवर आम्ही आमच्या बचत गटाच्या पापडांविषयी बोललो होतो. आज एका नाण्याविषयी बोलणार आहोत. त्या एका नाण्यापायी आमचं घर फुटायला आलं होतं. तुमच्या घरात असं होऊ नये, म्हणून घरातली गोष्ट चार लोकांत सांगतोय.

आमचे सासरे, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. तिकिटाच्या पैशांत एखादं वेगळं नाणं आलं, की स्वतःच्या खिशातले तेवढेच पैसे पिशवीत टाकायचे आणि ते नाणं घरी आणायचे. कमळाचं पितळी वीस पैशांचं, पाकळ्यांसारख्या कडांचं दहा पैशांचं, असं करत करत बिस्किटांचे दोन डबे भरले. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी आयुष्यातली एकच महागडी हौस केली. पुण्याला एका प्रदर्शनातून ७०,००० रुपयांना एक चांदीचा रुपया घेतला.

तो रुपया होता १९११ सालचा, पंचम जॉर्ज राजाचा. राजाच्या अंगावर जी साखळी दाखवली आहे, तिच्यात एक बारीकसा हत्ती आहे. पण त्या वर्षीच्या नाण्यावर हत्तीची सोंड अशी आखूड उमटली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोलबाला झाला, सरकारनं ते रुपये मागे घेतले, बरेचसे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट करून नवे पाडले. म्हणून १९११ च्या रुपयाला संग्राहक ‘डुक्कर रुपया’ म्हणतात, आणि तो न झिजलेला मिळाला तर चांगले पैसे मोजतात.

आप्पांचा रुपया काचेसारख्या प्लॅस्टिकच्या बंद डबीत होता. या डबीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी नावाच्या दोन मोठ्या कंपन्या आहेत, १९८० च्या दशकात सुरू झालेल्या. त्या नाणं अस्सल आहे का ते तपासतात, किती झिजलंय ते बघून १ ते ७० मधला आकडा देतात आणि डबीत घालून कडा कायमच्या जोडून टाकतात. आत एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाण्याचं नाव, साल, आकडा आणि त्या नाण्याचा स्वतःचा नंबर. आकडा ६० किंवा त्याच्या वर असला, म्हणजे नाणं व्यवहारात फिरून झिजलेलं नाही असं समजायचं. आप्पांच्या चिठ्ठीवर ६४ होता. ती डबी बघून आप्पा म्हणायचे, “याच्यावर शिक्का आहे, याला कोण हात लावणार?”

आप्पा गेले. वर्षभर डबी थोरल्या भावाच्या कपाटात होती. मग थोरल्यांच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. फी भरायची होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की आप्पांचा रुपया विकायचा. नातीच्या शिक्षणाला लागला तर त्यांना बरंच वाटेल. धाकटे भाऊ डबी घेऊन पुण्याला गेले, दोन दिवसांनी तशीच घेऊन परत आले. तिथल्या जाणकारांनी भिंग लावून सांगितलं होतं, की डबी उघडून पुन्हा चिकटवलेली आहे. आतलं नाणं १९११ चंच आहे, चांदीचंच आहे, पण वापरून झिजलेलं आणि पॉलिश मारून चमकवलेलं आहे. चिठ्ठीवरचं हे नाणंच नव्हे. याला सांगितलेल्या किमतीचा दहावा हिस्साही येणार नाही.

आणि मग, मैत्रिणींनो, घरात जे व्हायचं तेच झालं. धाकटे म्हणाले, डबी वर्षभर दादाच्या कपाटात होती. थोरले म्हणाले, दोन दिवस पुण्यात कुणाच्या हातात होती? कुणी कुणाला चोर म्हटलं नाही, पण बोलणं बंद झालं. सहा महिने एका घरात दोन भाऊ पोरांच्या तोंडून निरोप द्यायचे. आम्ही दोघी एकाच चुलीवर एक लाटतेय, एक भाजतेय, आणि दोघींची तोंडं मिटलेली. खोटं कशाला सांगू, एकमेकींच्या नवऱ्याविषयी आमच्याही मनात काळं आलं होतं.

आप्पांच्या वर्षश्राद्धानंतरच्या दिवाळीत थोरलीनं त्यांचा जुना मोबाइल चार्जिंगला लावला. नातवंडांना आजोबांचे फोटो हवे होते. त्यात एक फोटो निघाला: प्रदर्शनाच्या मांडवात आप्पा डबी तळहातावर धरून उभे आहेत, आणि त्याच्या पाठोपाठ डबीचे जवळून घेतलेले दोन फोटो, पुढून आणि मागून. तारीख खरेदीच्याच दिवसाची. धाकटीनं फोटो मोठा केला. राजाच्या नाकासमोरच्या मोकळ्या जागेत एक बारीक ओरखडा होता. डबी आणून बघितली. तोच ओरखडा, तिथंच.

मग भाचीनं कंपनीच्या वेबसाइटवर चिठ्ठीवरचा नंबर घातला. नाव, साल, आकडा सगळं जुळलं आणि मूळ नाण्याचा फोटोही आला. त्यात राजाच्या नाकासमोरची जागा स्वच्छ होती आणि कडेला निळसर काळपट झाक होती. आमच्या नाण्यावर ना ती झाक, ना ती सफाई. म्हणजे अदलाबदल झाली ती आप्पांच्या हातात डबी येण्याआधीच. दादांनी काही केलं नव्हतं, भाऊजींनी काही केलं नव्हतं. आप्पाच फसले होते आणि त्यांना ते कधी कळलंही नाही. त्या रात्री दोन्ही भाऊ ओसरीवर बराच वेळ नुसते बसून होते. सकाळी धाकट्यांनी दादांना चहा नेऊन दिला. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

आता ही लबाडी कशी चालते ते ऐका. डबी खरी असते, चिठ्ठी खरी असते, नंबर खरा असतो. डबी जपून उघडतात, आतलं चांगलं नाणं काढून घेतात आणि त्याच जातीचं हलकं नाणं आत ठेवून कडा पुन्हा चिकटवतात. एका डबीवर दोनदा पैसे मिळतात. दुसरा प्रकार, अख्खी डबीच नकली बनवायची आणि तिच्यावर कुठल्यातरी खऱ्या नाण्याचा नंबर छापायचा. दोन्ही वेळा वेबसाइटवर नंबर घातला, की उत्तर ‘बरोबर’ असंच येतं. म्हणून नुसता नंबर जुळला यावर जाऊ नका. बऱ्याच नाण्यांचा फोटो तिथं असतो. तो मोठा करा आणि ओरखडे, डाग, रंगाची झाक हातातल्या नाण्याशी एकेक करून ताडून बघा. दोन नाणी एका साच्यातली असली, तरी त्यांचे ओरखडे एक नसतात.

डबी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. कडेला पांढुरकी रेघ, टवका, बारीक तडा किंवा गोंदाचा ओघळ दिसला, तर तिथंच थांबा. पक्कं बिल घ्या, बिलावर चिठ्ठीवरचा नंबर लिहून घ्या आणि डबी छेडलेली निघाल्यास पैसे परत, असं लिहून मागा. आप्पांच्या बिलावर लिहिलं होतं, ‘माल तपासून घेतला आहे.’ त्या एका ओळीनं आमचे हात बांधले. आम्ही पोलिसांत अर्ज दिला, पण पैसे काही परत आले नाहीत. कंपन्यांची हमी असते, पण ती डबी शाबूत असेपर्यंतच. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी आहे. तेव्हा ‘अमेरिकेतून तपासून आणून देतो, डबी आमच्याकडे ठेवा’ असं कुणी म्हणालं, तर डबी हातची सोडू नका.

खरेदी केली त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. सोन्याचं वेढणं असो, सीलबंद पाकिटातलं नाणं असो, आईचा जुना दागिना असो. आप्पांनी हौसेनं काढलेल्या दोन फोटोंनी आमचं घर वाचवलं.

फीचं म्हणाल तर ती बचत गटाच्या कर्जातून भरली. भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे.

नाणं अजून घरातच आहे. एक जण म्हणाला होता, “कशाला बोभाटा करता, आहे तसं पुढं विकून टाका. तुम्हाला जसं मिळालं, तसंच तुम्ही दिलं.” दोघींनाही क्षणभर मोह झाला. पण आप्पांसारखाच कुणीतरी निवृत्तीचे पैसे घेऊन त्या मांडवात येणार, हे डोळ्यांपुढं आलं. म्हणून आम्ही डबीच्या पाठीवर आमच्या हातानं कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय, ‘ही डबी उघडलेली आहे. आतलं नाणं चिठ्ठीवरचं नाही.’ आमच्या माघारी पोरांनी डबी काढली, तर त्यांनी कुणाला फसवू नये, आणि एकमेकांकडे संशयानं बघूही नये.