बैठकीसाठी बुडालेली मजुरी



‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच असतो. शेवटचाही ठरलेलाच असतो: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. या दोन ओळींच्या मधल्या जागेत गावोगावच्या धर्मादाय दवाखान्यांचं, रक्तपेढ्यांचं, फिरत्या आरोग्यपथकांचं पुढचं वर्ष ठरतं. ते ठरवणारी माणसं पगारी नसतात. कुणी निवृत्त बँक अधिकारी, कुणी वकील, कुणी शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, कुणी औषधांचे दुकानदार. आपापलं काम उरकून ती येतात, ताळेबंद चाळतात, वाद घालतात, सह्या करतात आणि शेवटची एसटी किंवा लोकल गाठतात. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव असतं, कोनशिलेवर देणगीदारांचं. विश्वस्तांची नावं वार्षिक अहवालाच्या आतल्या पानावर सापडली तर सापडतात. आजचं बोलणं या विश्वस्तांविषयी आहे, आणि त्यांच्या टेबलाशी बहुतेक ठिकाणी नसलेल्या एका खुर्चीविषयी आहे.

मानद म्हणजे नावापुरतं, असा एक समज आहे. कायदा तसं मानत नाही. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याची विश्वस्तांकडून साधी पण कठीण अपेक्षा आहे: सामान्य शहाणा माणूस स्वतःचा व्यवहार ज्या काळजीने सांभाळेल, त्याच काळजीने संस्थेचा सांभाळावा. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी. कर्ज काढायचं तरी परवानगी हवी. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. एखादा विश्वस्त गेला, नवा आला, तर 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा. हे अर्ज वर्षानुवर्षं न दिल्यामुळे चांगल्या संस्थांचे कागद अडकतात आणि ऐन गरजेच्या वेळी ‘विश्वस्त नक्की कोण’ याच प्रश्नावर गाडी थांबते. म्हणून इतिवृत्ताची वही नीट ठेवणारा कार्यवाह आणि व्हाउचरवरची तारीख बघणारा कोषाध्यक्ष ही संस्थेची मोठीच मिळकत आहे. त्यांचा सत्कार क्वचितच होतो.

रुग्णालय चालवणाऱ्या विश्वस्तांवर याहून जास्त जबाबदारी आहे. कलम 41 अअ आणि 2006 पासून मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. यात विश्वस्तांचं काम काय? गेल्या तिमाहीत या निधीत किती जमा झालं, किती खर्च झालं, कुणावर झालं, किती जणांना कागद अपुरे म्हणून परत पाठवलं, हे नाव घेऊन विचारायचं. ‘निधी शिल्लक’ हे शब्द कानाला गोड लागतात. पण निर्धन रुग्ण निधीत शिल्लक वाढत असेल, तर कुणीतरी रुग्ण दारावरून परत गेलेला असण्याची शक्यता आहे. हे ताळेबंदातून वाचता येतं, वाचणाऱ्याच्या मनात तो परत गेलेला माणूस असला तर.

तो माणूस मनात असण्याऐवजी समोरच बसलेला असला तर? आपला कायदा हिशेब मागतो, परवानग्या मागतो, पण विश्वस्त मंडळात रुग्ण असावा असं म्हणत नाही. ही अपेक्षा कायद्यात लिहिली गेली ती अमेरिकेत, आणि तिची कहाणी सुरू होते मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या शेतांमधून.

मिसिसिपीच्या डेल्टा भागात बोलिव्हर काउंटीत माउंड बायू नावाचं छोटं गाव आहे. एकेकाळी गुलामगिरीत राहिलेल्या माणसांनी ते 1887 मध्ये स्वतःसाठी वसवलं. भोवतालची कृष्णवर्णीय कुटुंबं वाट्याने कापूस पिकवत, आणि हंगामाच्या शेवटी मालकाचं देणंच उरे. तिथल्या टॅबोर या बंधुसंघटनेच्या सभासदांनी वर्गणी जमवून 1942 मध्ये स्वतःचं रुग्णालय उभारलं. थोडीशी वर्गणी भरणाऱ्या सभासदाला आजारपणात तिथे हक्काने दाखल होता येई. गोऱ्यांच्या रुग्णालयात मागच्या दाराने जाणाऱ्यांना तिथे पुढचं दार मिळालं. एवढं सांगायचं कारण असं, की पुढे या गावात आलेल्या बाहेरच्या डॉक्टरांना कोऱ्या पाटीवर काही लिहायचं नव्हतं. संस्था चालवणं इथल्या माणसांना ठाऊक होतं.

हे डॉक्टर होते जॅक गायगर आणि काउंट गिब्सन, बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाचे. गायगर विद्यार्थी असताना दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क यांच्याकडे सामुदायिक आरोग्याचं काम शिकून आले होते. गायगर आणि गिब्सन यांचं पहिलं आरोग्यकेंद्र 1965 च्या डिसेंबरात बोस्टनमधल्या कोलंबिया पॉइंट वस्तीत सुरू झालं. दुसऱ्यासाठी त्यांनी माउंड बायू निवडलं आणि 1967 मध्ये तिथे दार उघडलं. सुमारे 500 चौरस मैलांचा भाग, 14,000 च्या आसपास गरीब लोक.

या कामात सगळ्यात महत्त्वाचा माणूस डॉक्टर नव्हता. जॉन हॅच हे लोकसंघटक दवाखाना उघडण्याच्या आधीच वाड्यावस्त्यांवर फिरले, चर्चमध्ये, स्वयंपाकघरांमध्ये, ओट्यांवर बसले आणि एकच विचारत राहिले: तुम्हाला हवंय काय? दवाखाना हे उत्तर वरच्या क्रमांकावर आलं नाही. लोकांनी सांगितलं, काम हवं, खायला हवं, पिण्याचं पाणी हवं, घराचं छप्पर गळायचं थांबायला हवं. हॅच यांनी 10 स्थानिक आरोग्य मंडळ्या उभ्या केल्या. त्यांच्या प्रतिनिधींची मिळून नॉर्थ बोलिव्हर काउंटी आरोग्य परिषद झाली. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचलेली माणसं या परिषदेत बसून डॉक्टरांना दिशा देऊ लागली.

आणि दिशा दिली ती कशी! विहिरी घेतल्या, शौचालयं बांधली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. दवाखान्यापर्यंत येण्यासाठी गाड्यांची सोय केली. कुपोषित मुलं येत, तेव्हा डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देत, आणि वाण्याचं बिल औषधांच्या अंदाजपत्रकातून भागवलं जाई. पैसे देणाऱ्या सरकारी कार्यालयाने त्याला हरकत घेतली. गायगर यांचं म्हणणं होतं, कुपोषणावर वैद्यकाच्या पुस्तकात जो उपचार आहे तोच आम्ही देतोय, त्याचं नाव अन्न आहे. पण वाण्याची चिठ्ठी किती दिवस पुरणार? लोकांनी 1968 मध्ये सहकारी शेती काढली आणि जिथे आजवर फक्त कापूस होता तिथे शेंगा, रताळी, पालेभाज्या लावल्या. कापसाच्या जमिनीत उपाशी मरणाऱ्यांना हे सुचायला कुठली पदवी लागली नाही, निर्णय घेण्याचा अधिकार तेवढा लागला.

गायगर आणखी एक आठवण सांगत. आरोग्यकेंद्रामुळे परिषदेच्या हातात मोठी रोकड खेळू लागली. ती कुठल्या बँकेत ठेवायची, हा वरवर बघता कारकुनी प्रश्न. परिषदेने मात्र अटी घातल्या: जी बँक माउंड बायूत शाखा उघडेल, तिथे स्थानिक माणसांना खिडकीमागे बसवेल, नुसतं झाडायला ठेवणार नाही, आणि घरासाठी कर्ज देताना भेदभाव करणार नाही, तिच्याकडे खातं. तशी बँक मिळाली. खातं उघडण्याचा ठराव महाराष्ट्रातली प्रत्येक संस्था करते, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. त्या ठरावात एवढी ताकद दडलेली असते, हे ज्यांना बँकेने कधी दारात उभं केलं नव्हतं, त्यांनाच दिसलं.

या अनुभवांतून पुढे कायदा झाला. 1975 पासून अमेरिकेतल्या सरकारी अनुदानित सामुदायिक आरोग्यकेंद्रांवर अट आहे: नियामक मंडळातले बहुसंख्य सदस्य, म्हणजे किमान 51 टक्के, त्याच केंद्रात उपचार घेणारे हवेत. मंडळ 9 ते 25 जणांचं. केंद्राचा नोकर किंवा नोकराचा जवळचा नातेवाईक सदस्य होऊ शकत नाही. बैठक दर महिन्याला. केंद्राचा प्रमुख नेमणं किंवा काढणं, अंदाजपत्रक, दवाखान्याच्या वेळा, हे सगळं या मंडळाच्या हातात. अशी केंद्रं आज सुमारे 1,400 आहेत आणि वर्षाला 3 कोटींहून जास्त माणसं तिथे उपचार घेतात.

या नियमांत एक छोटं कलम आहे, आणि ते वाचताना थांबावंसं वाटतं. सदस्याला कामाचा मोबदला देता येत नाही, प्रवासखर्च देता येतो. पण ज्याच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 10,000 डॉलरहून कमी आहे, त्याला बैठकीमुळे बुडालेली मजुरीही भरून देता येते. नियम लिहिणाऱ्याला मजूर ठाऊक होता. आपल्याकडे दुपारी 3 वाजताची बैठक ठेवली, की ऊसतोड कामगार, घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला आपोआप मंडळाबाहेर जातो, आणि मग ‘त्या लोकांना संस्थेच्या कामात रस नसतो’ असं म्हटलं जातं. रस असतो. दिवसाची मजुरी बुडवून तो दाखवणं परवडत नाही.

महाराष्ट्राला ही वाट अगदीच अनोळखी आहे असंही नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले ते तिथल्या पुढाऱ्यांशी बोलून, जागा गावाने द्यायची असं ठरवून. सुरुवातीचा दवाखाना गुरांच्या जुन्या दवाखान्यात भरला. पुढे शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. आरोग्यसेविका म्हणून ज्या बायका पुढे आल्या, त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, आणि गाव त्यांचं ऐकू लागलं. इथेही लोकांचा पहिला आग्रह पाणी आणि अन्नाचा होता. 1972 च्या दुष्काळाने तो जास्तच तीव्र केला. माउंड बायू आणि जामखेड यांच्यात दोन महासागर आहेत, पण ओट्यावर बसून विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर सारखंच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1986 नंतर आदिवासींना विचारलं, की तुम्हाला रुग्णालयात यायला भीती का वाटते. लोकांनी सांगितलं, मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची, आणि नातेवाइकांना बाहेर काढण्याची. म्हणून शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या वस्तीसारखा झोपड्यांचा झाला, रुग्णासोबत घरच्यांना राहता येऊ लागलं, आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. वास्तुविशारद कितीही हुशार असता, तरी हा आराखडा त्याला कागदावर सुचला नसता.

सरकारी पातळीवर 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने रुग्ण कल्याण समित्या आणल्या. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यभरच्या समन्वयाचं काम केलं. जनसुनवाईत बायका उभ्या राहून आरोग्य अधिकाऱ्यांना विचारू लागल्या, की मोफत असलेल्या औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची का दिली. हाच प्रश्न धर्मादाय संस्थेच्या बैठकीत, विषयपत्रिकेवर क्रमांक घालून, सदस्य म्हणून विचारता यायला हवा. सदस्यत्वाबरोबर कागदही समजेल असा हवा. ताळेबंद सनदी लेखापालांच्या भाषेत वाचून दाखवला, तर रुग्ण-सदस्य मान डोलावून गप्प बसतो. ‘शंभर रुपयांतले किती औषधाला, किती पगाराला, किती गाडीच्या डिझेलला’ असा मांडला, की तो पहिल्याच बैठकीत डिझेलवर बोट ठेवतो.

माउंड बायूच्या सहकारी शेतीत एल. सी. डॉर्सी नावाची एक तरुण बाई काम करत होती. वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात वाढलेली, कापूस वेचलेली, शाळा मध्येच सुटलेली. आरोग्यकेंद्राच्या आसऱ्याने तिने राहिलेलं शिक्षण उचललं, समाजकार्याची पदवी घेतली, पुढे डॉक्टरेटही मिळवली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्या केंद्राला नवा प्रमुख नेमायची वेळ आली. कायद्याप्रमाणे ही निवड रुग्णांचं बहुमत असलेल्या मंडळाच्या हातात होती. केंद्राच्या प्रमुखपदी बसल्या त्या डॉ. एल. सी. डॉर्सी.