या वयात गिटार?

(स्नेहमेळाव्यात मांडलेलं मनोगत)



"शाळा सोडल्यावर काय केलंत" यावर प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, असा संयोजकांचा आदेश आहे. माझं उत्तर दोन ओळींत संपतं. गोगटे कॉलेजला बारावी, मग इंजिनिअरिंगची पदवी, मग पुण्यात सॉफ्टवेअर. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची गोष्ट हीच आहे, फक्त कंपन्यांची नावं बदलतात. म्हणून उरलेली मिनिटं मी वेगळ्या विषयावर घालवणार आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी गिटार शिकायला लागले. त्याला आता तीन वर्षं झाली.

हे सांगितलं की प्रश्न ठरलेला असतो, "आता, या वयात?" ऑफिसातल्या मुलांनी तो नुसत्या डोळ्यांनी विचारला. माझ्या आत्याने तोंडावर विचारला, "अगो, कुठे वाजवणार तू ते?" मी म्हटलं, "घरात." हे उत्तर तिला अजून पटलेलं नाही.

गिटार म्हटलं की ते शहरातलं, सिनेमातलं वाद्य, असं आपल्याला वाटतं. 'यादों की बारात' १९७३ चा, आपल्या जन्माआधीचा. पण त्यातला गिटारवाला आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे. गायक म्हणून आपल्याला माहीत असलेले भूपिंदर सिंग राहुलदेव बर्मन यांच्याकडे गिटार वाजवायचे, हेही अनेकांना ठाऊक असेल. तरी ते सगळं लांबचं. पण मला असं म्हणायचं आहे की विजेवर वाजणारं तारवाद्य आपण रत्नागिरीकरांनी पाळण्यात असल्यापासून ऐकलं आहे. आठवा, वरातीत आणि मिरवणुकीत हातगाडीवर कर्णे बांधून काय वाजायचं? बँजो. हा बँजो म्हणजे मुळात बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारखी बटणं असलेलं एक तारवाद्य केलं, तायशोगोतो नावाचं. ते भारतात येऊन बुलबुल तरंग झालं आणि आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडलं. पोलादी तारा, तारांखाली लोहचुंबक, पुढे अँप्लिफायर. इलेक्ट्रिक गिटार याहून निराळं काही नाही.

आणि ते कसं वाजतं, हे तर विज्ञानाच्या सरांनी आपल्याला शिकवलेलं आहे. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलायचा. फॅरडेचा १८३१ चा शोध. आपण आकृती काढली, नावं दिली, मार्क मिळवले आणि पान उलटलं. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण प्रवाह निर्माण होतो. तो वाढवून ऐकवतो अँप्लिफायर. पोलादाच्या जागी नायलॉनची तार लावा, पिकअपला काहीही ऐकू येणार नाही. सर, तीस वर्षांनंतर का होईना, तुमचा तो काटा माझ्या घरात रोज हलतो आहे.

गेल्या काही महिन्यांत आपल्या ग्रुपवरच्या तिघांनी मला विचारलं की कुठली गिटार घ्यावी. कुणाला मुलासाठी हवी आहे, कुणाला मुलाचं नाव पुढे करून स्वतःसाठी. सगळ्यांना एकदाच सांगते.

आधी साधी, लाकडी पोकळ गिटार शिकायची आणि मग इलेक्ट्रिक, असा एक समज आहे. तो नियम नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, सर्वांत बारीक तार बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंचाची. दाबायला जोर कमी लागतो. दिवसभर कीबोर्डवर असलेल्या मनगटाला हे मोठं सुख आहे. शिवाय हेडफोन लावला की रात्री साडेदहाला शेजारी जागे न करता वाजवता येतं. नोकरी करणाऱ्या बाईला दिवसातली हीच वेळ मोकळी मिळते.

दुकानात गेलात की रंगाकडे शेवटी बघा. मी मुंबईला धोबी तलावाला गेले होते. तिथलं फुर्टाडोस हे दुकान १८६५ पासूनचं आहे. आधी गिटार वायर न जोडता हातात घ्या, मांडीवर ठेवा, पट्टा लावून पाच मिनिटं उभ्या राहा. तीन-साडेतीन किलोची आणि चार किलोच्या पुढची, यातला फरक खांद्याला लगेच कळतो. मग तारेची लांबी. फेंडरच्या घडणीच्या गिटारमध्ये ती साधारण ६४८ मिलिमीटर असते, गिब्सनच्या घडणीत साधारण ६२८. दोन सेंटीमीटरच कमी, पण तारा सैल लागतात आणि पडदे जवळ येतात. सतारीला असतात तसे गिटारलाही पडदे असतात, फक्त ते जागचे हलत नाहीत. लहान हातांना हे दोन सेंटीमीटर महत्त्वाचे. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून बघा, कुठे खरखर येते का ते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात मिळायला हवा. दुकानातल्या मुलाला ट्यूनर लावून तेवढं दाखवायला सांगा. जुळत नसेल तर ते दुरुस्त करून घेऊनच पैसे द्या.

पिकअप दोन प्रकारचे. एका वेटोळ्याचा पिकअप स्वच्छ, खणखणीत वाजतो, पण घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुणही पकडतो. ट्यूबलाइट लावली की गिटार भुंग्यासारखी गुणगुणते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ मध्ये यावर उपाय काढला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, दोन्हींचे वेढे आणि चुंबक उलटसुलट. बाहेरची गुणगुण एकमेकींना छेदून जाते, तारेचा आवाज मात्र एकत्र होऊन वाढतो. याला हंबकर म्हणतात. मी इंजिनिअर असल्यामुळे मला हे इतकं आवडलं की तेवढ्यासाठीच मी एक हंबकर असलेली गिटार घेतली. तुम्ही मात्र कानाला विचारून घ्या.

सगळे पैसे गिटारवर घालू नका. मी २५,००० रुपयांची मर्यादा ठरवली होती आणि त्यात छोटा अँप, वायर, पट्टा, ट्यूनर आणि जादा तारांचा एक सेट बसवला. गावी घर असलेल्यांसाठी दोन गोष्टी. आपल्या खाऱ्या हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि पावसाळ्यात गिटार भिंतीवर न टांगता खोक्यात ठेवा. दुसरी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गिटारच्या तारा अँपच्या मार्फत घराच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर तारांना हात लावल्यावर झटका बसू शकतो, आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. आमच्या घरी मी आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, अँप नंतर लावला.

आता सरावाबद्दल. पहिले तीन-चार आठवडे डाव्या हाताची बोटं दुखतात. मग टोकं निबर होतात आणि दुखणं थांबतं. मी रोज वीस मिनिटं बसते. पाच मिनिटं बोटांचे पलटे, मेट्रोनोम ६० वर. दहा मिनिटं एकच अवघड जागा. शेवटची पाच मिनिटं मनाला येईल ते. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त उपयोगी पडतात, हे गाणं शिकलेल्यांना सांगायला नको. मला शिकवणारा मुलगा बावीस वर्षांचा आहे. मी त्याला "सर" म्हणते, तो मला "मॅडम" म्हणतो. तो म्हणतो, "मॅडम, चुकत असेल तर वेग कमी करा. तरी चुकत असेल तर अजून कमी करा." दोन कॉर्डमध्ये बोटं न अडखळता जायला मला सात आठवडे लागले. ऑफिसात मी ज्यांना काम देते, ती मुलं सात आठवड्यांत अख्खं सॉफ्टवेअर उभं करतात.

आपल्या बॅचला हे जड जातं. आपण मार्कांवर वाढलो. कोकणातली मुलं दहावीला चमकतात, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण ज्यात नंबर येणार नाही ते करायचंच नाही, अशी एक सवय त्यातून आपल्याला, मुलींना जरा जास्तच, लागली. चित्रकला आठवीपर्यंत, गाणं नववीपर्यंत, मग "आता दहावी आहे". त्यानंतर नोकरी, लग्न, मुलं, सासूबाईंचं दुखणं. प्रत्येक कारण खरं होतं. गिटारमध्ये मला कुणी मार्क देत नाही आणि माझा नंबर कुठेही येणार नाही. तीन वर्षांनंतरही मी साधारणच वाजवते. आणि रोज रात्री साडेदहाची वाट बघते.

आईचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. माझी आई लग्नाआधी पेटी शिकत होती. पेटी तिच्याबरोबर सासरी आली आणि माळ्यावर गेली. आम्ही दोघी बहिणी मोठ्या झाल्यावर काढायची, असं ठरलं होतं. आम्ही मोठ्या झालो तेव्हा आजी अंथरुणाला खिळली. पेटी तिथेच राहिली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी गिटार घेऊन घरी आले. हेडफोन लावून वाजवत होते तर आई म्हणाली, "मला काही ऐकू येत नाहीये. नुसतीच बोटं काय हलवतेस?" मी अँप लावला. तिने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "माळ्यावर चढशील?"

पेटीचा भाता फाटला होता. दुरुस्त करून आणला. तेव्हा लक्षात आलं की या जुन्या पेटीची पट्टी आजच्या ट्यूनरशी जुळतच नाही, थोडी वर आहे. पेटीचे स्वर उतरवणं हे कारागिराचं काम, गिटार जुळवायला मात्र दोन मिनिटं लागतात. म्हणून रत्नागिरीला आले की मी ट्यूनर बंद करते आणि आईच्या सा ला गिटार लावते. पेटीवर मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवलं, त्यामागे हेही एक कारण होतं. बारीक तार बोटाने ओढली की गिटारवर मींड निघते. आई पेटीवर दोन स्वर दाखवते, मधली वाट मी तारेवरून काढते. तिची अनामिका संधिवाताने आखडली आहे. आमच्या दोघींची लय छान जुळते, कारण दोघींनाही जलद जमत नाही.

एकदा ती सहज म्हणाली, "चाळीस वर्षांपूर्वी काढायला हवी होती गो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तेव्हापासून कुणी "या वयात?" विचारलं की मला तो माळा दिसतो.

तर मित्रमैत्रिणींनो, गिटारच घ्या असं माझं म्हणणं नाही. तुमच्यापैकी कुणाचा तबला, कुणाचे रंग, कुणाची बुद्धिबळाची पुस्तकं घरात कुठेतरी असतील. जेवणानंतर ती यादी एकमेकांना सांगूया. सर, बाई, तुम्हीही सांगायचं आहे. माझी गिटार गाडीत आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमात ज्यांना हात लावून बघायचा असेल त्यांनी जरूर या, बोटं थोडी दुखतील एवढंच. आणि ऐन वेळी लाइट गेलेच, तर सगळ्यांनी जरा जवळ येऊन बसा, वीज नसतानाही तिचा बारीक आवाज येतो.

तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकलंत, नववीच्या वर्गात हे कधी घडलं नव्हतं.