फुलांचा चहा आणि रोजच्या गोळ्या



दुकानात ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळणारा लालभडक चहा अंगणातल्या जास्वंदीचा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. सहसा तो असतो तिच्या चुलतबहिणीचा, लाल अंबाडीचा. पाकळ्या गळल्यावर बोंडाभोवती जे जाडसर, आंबट, तांबडं आवरण उरतं, ते वाळवून हा चहा करतात. इजिप्त-सुदानात त्याला करकदे म्हणतात आणि तिकडे तो घरोघरी पितात. तेव्हा वस्तू काही विषारी नव्हे.

काळजी घ्यायची ती या चहाला गुण आहे म्हणूनच. २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाब थोडा चढा असलेल्या ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला. त्यांचा वरचा आकडा सरासरी सातने उतरला. मात्र ही मंडळी रक्तदाबाची गोळी घेत नव्हती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सकाळी गोळी आणि दिवसभर हा चहा असं चाललं, तर रक्तदाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. म्हातारं माणूस पहाटे अंथरुणातून उठताना भोवळ येऊन पडलं, की खुब्याचं हाड जायला वेळ लागत नाही. याउलट, चहा सुरू केला म्हणून गोळी परस्पर बंद करणारेही असतात. ते तर त्याहून वाईट. गरोदर बायकांनी हा चहा टाळलेलाच बरा.

आता कॅमोमाइल. झोपेसाठी बरेच जण घेतात. कॅनडातल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंची हकिगत २००६ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात आली. रक्त गोठू नये म्हणून त्या वॉरफरिन घेत होत्या. खोकल्यासाठी कॅमोमाइलचा चहा सुरू केला, सुजलेल्या पायांना त्याचंच लोशन लावलं, आणि अंतर्गत रक्तस्रावाने त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. हृदयाची झडप बदललेल्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी हा चहा घेत असल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगावं. ते विचारतीलच असं नाही.

आणखी एक. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं, आणि आपलं गाजरगवतही त्याच कुळातलं. गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, शिंका लागतात, त्यांना हा चहाही बाधू शकतो. घोट घेतल्यावर ओठ चरचरले, अंगावर गांधी उठल्या तर कप बाजूला ठेवा. धाप लागली किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर थेट रुग्णालय गाठा.