आज मुक्काम कुठं?

(पुसद येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



दत्तगुरूंचा दिनक्रम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि झोपायला माहूर. त्रिभुवनात कुठंही पाठ टेकण्याची मुभा असलेल्या माणसानं मुक्कामाला निवडलेली जागा आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, पैनगंगेच्या पलीकडे आहे. तिथलं देवदेवेश्वराचं मंदिर महानुभाव मंडळी दत्तात्रेयांचं निद्रास्थान मानतात. आता जरा हात वर करा बघू. माहूरला गेलेले किती? सगळेच. बरं, माहूरला रात्री राहिलेले किती? सहा... सात. आणि त्यातले दोघं-तिघं गाडी बिघडली म्हणून! (हशा)

हसू नका, परवापर्यंत मीही तुमच्यातलाच होतो. सकाळी निघायचं, रेणुकामातेचं दर्शन, दत्तशिखर, अनसूया, आणि दिवेलागणीला घरी. देव झोपायला यायच्या आत आपण गड उतरून मोकळे.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो परदेशी होता. ‘साहेब, तुम्ही आयर्लंडला जाऊन आलात, तिथं लोक सुटीत कुठं कुठं राहतात ते सांगा.’ सांगतो. पण मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. अर्ध्या रात्री रेस्ट हाउसच्या, कालव्यावरच्या चौकीच्या, नाहीतर कुणाच्या ओसरीवरच्या. त्यामुळे आयर्लंडचं बोलताना मधूनच मी पैनगंगेत उतरलो तर सांभाळून घ्या.

हॉटेलांवर फार वेळ घालवत नाही. नागपूरचं असो की नाशिकचं, पांढरी चादर, किटली, साखरेच्या दोन पुड्या आणि सेल गेलेला रिमोट. सकाळी डोळे उघडल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हे पडदा सरकवल्याशिवाय कळत नाही. तक्रार नाही. झोप चांगली लागते. पण पाच वर्षांनी त्यातलं काय आठवतं? पाठीला लक्षात राहते ती जागा, जी मुळात पाहुण्यांसाठी बांधलेलीच नव्हती.

माझी मुलगी डब्लिनला असते. तिनं आम्हा दोघांना विक्लो इथल्या एका दीपगृहात दोन रात्री ठेवलं. १७८१ साली बांधलेला अष्टकोनी दगडी मनोरा, उंची पंच्याण्णव फुटांच्या आसपास. जहाजांना दिसावा म्हणून कड्यावर उंच बांधला, आणि उंचीनंच घात केला. धुकं आणि ढग दिव्याच्या आड येऊ लागले. १८१८ साली नवी दीपगृहं उभी राहिली आणि हा मनोरा सेवानिवृत्त झाला. नंतर १८३६ मध्ये वीज पडून आतलं सगळं जळालं. शेवटी जुन्या वास्तू वाचवणाऱ्या तिथल्या एका न्यासानं तो दुरुस्त करून प्रवाशांना राहायला दिला. झोपायच्या खोल्या खाली आणि स्वयंपाकघर अगदी वर, एकशे नऊ पायऱ्यांवर! आमच्या हिनं पायथ्याशीच विचारलं, ‘अहो, वर दूध उतू गेलं तर खालून पोचेपर्यंत त्याचं दही होईल की!’ दोन दिवसांत आम्ही चहा कमी केला. पण भिंतींची जाडी मीटरभर, खोलीला आठ बाजू, त्यामुळे पलंग कुठंही ठेवला तरी एक कोपरा उरतोच. आणि रात्रभर समुद्राचा वारा मनोऱ्याला घासत जातो. हे विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

(आयर्लंड आपल्याला परकं वाटायचं खरं तर कारण नाही. तिथले पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. पदावर असताना २०१९ च्या डिसेंबरात ते त्या गावी येऊन गेले.)

आता आपल्याकडे या. आपल्याकडे दीपगृह नाही, समुद्रच नाही. पण धरणं आहेत, आणि धरणाला रेस्ट हाउस असतंच. कुठलं धरण ते विचारू नका, नाव सांगणार नाही. नोकरीतली सुरुवातीची वर्षं, मे महिना. माझ्या नावाचं आरक्षणाचं पत्र खिशात. रात्री अकराला तीन जीपगाड्या आल्या. कुणी मोठे गृहस्थ होते. मला सांगण्यात आलं, आवरा. मी माझी वळकटी उचलून बाहेर आलो. चिडलो होतो, तरुण होतो.

चौकीदार मामा साठीच्या घरात. ते म्हणाले, ‘साहेब, अंदर तसंही उकडते. चाला माह्यासंगं.’ त्यांनी बाज डोक्यावर घेतली आणि आम्ही थेट धरणाच्या माथ्यावर गेलो. घरून भाकर, ठेचा आणि कैरीचा तक्कू आणला. खाली पाण्यावर ट्यूबमध्ये बसून जाळं टाकणारे दोन भोई, त्यांच्या बॅटरीचा उजेड लहान-मोठा होत होता. टिटवी ओरडत होती. उन्हाळ्यानं पाणी पार खाली गेलेलं. मामांनी हात लांब केला. ‘थो काया ठिपका दिसते नाही का, थे आमच्या गावचं मारुतीचं देऊळ. त्याच्या मांगं आमचं घर.’

मी इंजिनियर. बुडीत क्षेत्राचे नकाशे मी रोज बघत होतो. त्यात गावं निळ्या रेघेच्या आत असायची. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की आपण ज्याच्या घरावर पाणी साठवलं तोच माणूस आपल्याला पाण्याचा तांब्या भरून देतो आहे. मामांचा आवाज मात्र साधा होता, जणू शेजारचं घर दाखवावं तसा. ‘पाणी अजून दोन हात उतरलं का ओटा दिसन,’ म्हणाले आणि बिडी पेटवून तिथंच कडेला आडवे झाले.

सकाळी रेस्ट हाउसच्या रजिस्टरमध्ये सही केली. अभिप्रायाचा रकाना होता. मी लिहिलं, ‘व्यवस्था उत्तम.’

या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

थोडं हलकं बोलू. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. गोव्याचा खरा, पण खाडीच्या अलीकडे, आपल्या सिंधुदुर्गाला चिकटलेला. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. पुढं तिथं हॉटेल झालं, सात खोल्यांचं, आणि खोल्यांना नावं दिली वारांची. म्हणजे मंगळवारी जाऊन शुक्रवारात झोपायचं! उपास नेमका कुठल्या वाराचा धरायचा हा प्रश्न आमच्या घरात तरी पडलाच असता. सावंतवाडीच्या राजवाड्यातही आता गंजिफाच्या चित्रांनी सजवलेल्या खोल्या पाहुण्यांना मिळतात. दोन्ही जागा सुरेख. पण खिशाचा अंदाज घेऊन जा.

माझ्या मते विदर्भातला सगळ्यांत भारी मुक्काम असा आहे की तिथं झोपायचंच नसतं. बुद्धपौर्णिमेची रात्र, जंगलातला पाणवठा, झाडावर मचाण. पूर्वी या रात्री पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजत. आता मोजणीची कामं कॅमेरे करतात, तरी वनखात्यानं ही रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून लोकांसाठी ठेवली. हा कार्यक्रम मेळघाटात होतो, आणि आपल्या टिपेश्वरला आणि पैनगंगा अभयारण्यातही. दुपारी मचाणावर चढवतात, सकाळी उतरवतात. भडक कपडे नको, अत्तर नको, बोलणं नको. मी टिपेश्वरला बसलो होतो. वाघ दिसला का? नाही. रात्री दोनला एक साळिंदर आलं, काटे खुळखुळवत पाणी प्यायलं आणि गेलं. पहाटे रानडुकरांचा कळप. बस्स. पण चांदण्यात बारा तास गप्प बसायचं, हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच जमलं.

वाघाचं म्हणाल तर मुक्कामाचा विक्रम टिपेश्वरच्याच एका वाघाच्या नावावर आहे. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात कॉलर बांधली आणि गडी निघाला. तेलंगणाच्या हद्दीत जाऊन आला, मराठवाडा पालथा घातला आणि सुमारे तीन हजार किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. लोकांनी नाव ठेवलं ‘वॉकर’. दिवसा दडून राहायचं आणि रात्री चालायचं. आपल्या भागातले कित्येक कास्तकार त्याचे यजमान झाले असतील, आणि त्यांना पत्ताही नसेल.

वॉकरवरून मला तांडा आठवतो, आणि आज मला खरं बोलायचं आहे ते इथं.

पुसदमध्ये उभं राहून मुक्कामावर बोलायचं आणि तांड्याचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. ज्यांचं सगळं आयुष्यच मुक्कामांचं होतं ते गोरमाटी, म्हणजे बंजारे, आपल्या आजूबाजूला आहेत, या सभागृहात आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्याच्या गोण्या लादून शेकडो कोस चालणारी लदेणी, पुढं नायक, आणि रात्री उतरतील तिथं गाव. सडका झाल्या, रेल्वे आली आणि हा धंदा बसला. त्यावर इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. काही ठिकाणी बंजारेही त्यात अडकले. चालत राहणं हाच गुन्हा ठरला. तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडलं. पुढं याच समाजातले, आपल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले, ते तुम्हाला सांगायला नको.

विक्लोच्या त्याच डोंगरांत मी घोड्याच्या गाड्या पाहिल्या. हिरव्या-लाल रंगवलेल्या, वर गोल छपराच्या, आत दोन माणसांचा बिछाना. पर्यटक त्या आठवड्याच्या भाड्यानं घेतात, घोडा हाकत फिरतात, जिथं रात्र होईल तिथं थांबतात. छान वाटलं. जावयाला विचारलं, या गाड्या मुळात कुणाच्या? तो म्हणाला, ट्रॅव्हलर लोकांच्या. म्हणजे आयर्लंडमधले भटके. कल्हई करणारे, घोड्यांचा व्यापार करणारे. १९६३ मध्ये तिथल्या सरकारी आयोगानं अहवाल दिला, त्याचा रोख असा की यांना एका जागी बसवून इतरांसारखं केलं पाहिजे. वेगळा समाज म्हणून सरकारनं त्यांना मान्यता दिली ती मार्च २०१७ मध्ये. गाडी पर्यटकाला भाड्यानं मिळते, आणि ज्याची ती गाडी त्या माणसानं रस्त्याकडेला मुक्काम केला तर गावकऱ्यांच्या कपाळाला आठ्या. हे ऐकल्यावर त्या गोल छपराखाली झोपायची माझी हौस निम्मी झाली.

निम्मीच झाली, पूर्ण गेली नाही, हेही कबूल करतो. जागा सुंदरच होती. पण आपल्याकडे उद्या कुणी ‘तांडा रिसॉर्ट’ काढलं, भिंतीवर आरसे लावले, पोरींना फेटिया-कांचळी घालून दारात उभं केलं, तर मी भांडायला येईन. तांड्यातल्याच नायक-कारभाऱ्यांच्या मुलांनी स्वतः काढलं आणि गल्ल्यावर स्वतः बसली, तर पहिला गिऱ्हाईक मी.

कारण सोय आता आहे. महाराष्ट्रानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण काढलं. शेतकऱ्याच्या शेतावर पाहुण्यानं राहायचं, हे बारामतीकडे त्याच्याही पंधरा वर्षं आधीपासून चालू आहे. आपल्याकडे मात्र शेतावर जेवण म्हणजे रोडगे-वांग्याची भाजी, आणि संध्याकाळी पुसदला परत. खाऊ घालायला आपण उदार, ठेवून घ्यायला कंजूष. ‘बाथरूम नाही ना भाऊ तशी,’ हे त्यावर ठरलेलं उत्तर. मग बांधा की बाथरूम! पाहुण्याला एवढंच लागतं: स्वच्छ संडास, पाणी आणि खरं बोलणारा यजमान. शेगावच्या भक्तनिवासानं हे विदर्भाला कधीच दाखवून दिलं आहे, तेही परवडणाऱ्या दरात.

परवा मी माहूरला राहिलो. एकटाच. धर्मशाळेच्या माणसानं विचारलं, ‘गाडी चुकली काय?’ म्हटलं, नाही, मुद्दामच राहतोय. त्यानं जरा संशयानं पाहिलं आणि चटई दिली. शेवटच्या गाड्या गेल्या, दुकानांच्या फळ्या पडल्या आणि गडावर वारा तेवढा उरला. पहाटे एका ठोक्यानं जाग आली. ठक, ठक, ठक. उठून बसलो. कुठंतरी रेणुकेच्या प्रसादाचा तांबूल कुटायला सुरुवात झाली होती. पन्नास वेळा तो विडा मी खाल्ला आहे. गर्दीत त्याचा आवाज कधी कानावर आला नव्हता. बाहेर आलो तर तो धर्मशाळेचा माणूस अंगण झाडत होता. त्याच्याशी तासभर बोललो. त्याचा बाप याच गडावर पाणी वाहायचा.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला माहूरला जाल तेव्हा परतीची गाडी सकाळची धरा. आणि निघताना त्यांनी अभिप्रायाची वही पुढं केली, तर ‘व्यवस्था उत्तम’ एवढ्यावर भागवू नका. पाणी कुणी आणून दिलं, त्याचं नाव लिहा.